नोकरीआधी भरलेले ८,८५० रुपये आणि ते परत मागण्याचे सहा महिने

मी नागपूरच्या महाल भागात राहते. २०२४ मध्ये बी.कॉम. झालं आणि त्यानंतर एका सीए काकांच्या ऑफिसात टॅलीवर एन्ट्री करायचं काम मिळालं, महिना ६,००० रुपये. ३१ मार्चला त्यांचा वर्षअखेरीचा भार उतरला आणि माझं कामही संपलं. एप्रिलचा पहिला आठवडा मी कूलरसमोर बसून मोबाईलवर नोकऱ्या शोधण्यात घालवला. एका ॲपवर जाहिरात दिसली: सेल्स एक्झिक्युटिव्ह, फ्रेशर चालेल, पगार १८ ते २५ हजार, ऑफिस नागपुरातच. मी अर्ज केला आणि तासाभरात फोन आला. "अनुभव नसला तरी काही हरकत नाही मॅडम, आम्ही शिकवून घेतो." हे वाक्य ऐकून मला किती बरं वाटलं होतं ते अजून आठवतं.

८ एप्रिल २०२५, मंगळवार. ऑफिस बर्डीत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. काचेचा दरवाजा, एसी, भिंतीवर टाय घातलेल्या लोकांचे फोटो, आणि बाकड्यांवर माझ्यासारखीच पंधरा-वीस मुलंमुली. आधी एक फॉर्म भरायला दिला, त्याचे १५० रुपये. रोख घेतले, पावती नाही. मी मागितलीही नाही. १५० रुपयांची काय पावती मागायची, असं वाटलं.

इंटरव्ह्यू दहा मिनिटांत उरकला. घरी कोण कोण असतं, गाडी आहे का, ओळखीपाळखी किती आहेत, असे प्रश्न. कॉमर्सचं, टॅलीचं एक अक्षरही विचारलं नाही. बाहेर अर्धा तास बसवलं आणि मग एचआर मॅडमनी बोलावून हात मिळवला. सिलेक्शन झालं होतं. आता फक्त दहा दिवसांचं ट्रेनिंग, की लगेच जॉइनिंग. ट्रेनिंगची फी ६,५०० रुपये, "पण ती तुमच्या पहिल्या तीन पगारांत परत मिळते, म्हणजे खर्च काहीच नाही." सीट पक्की करायला १,००० वेगळे, आणि तेही उद्यापर्यंत, कारण बॅच भरत आली होती.

हे जे "उद्यापर्यंत" होतं ना, त्यानेच सगळं केलं. मला विचार करायला आठ दिवस मिळाले असते तर मी चार जणांना विचारलं असतं.

घरी आले. बाबा इतवारीत एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहितात, तीस वर्षं झाली. त्यांना मी सांगितलं तर ताटावरून मान वर न करता म्हणाले, "नोकरीसाठी पैसे कायले भरायचे? काम आपण करायचं, पैसे त्यानं द्यायचे, असं असते ना?" मला राग आला. जग बदललंय, आता सगळीकडे ट्रेनिंग असतं, असं काहीतरी मी म्हटलं. त्यांनी विषय सोडला, पण उठताना एवढं बोलले, "ओरिजिनल मार्कशीट कोणालेच देऊ नको. आणि पावती कोणाच्या नावाची आहे ते पाय." पहिली गोष्ट मी पाळली, दुसरी नाही.

९ तारखेला १,००० रुपये भरले. काउंटरवर क्यूआर कोड होता. स्कॅन केल्यावर कंपनीचं नाव न येता एका माणसाचं नाव आलं. मी विचारलं तर म्हणाले, "ते आमचे अकाउंट्सवाले सर." १० तारखेला महावीर जयंतीची सुट्टी होती. ११ तारखेला ६,५०० भरले. हे पैसे आईच्या भिशीचे. तिचा नंबर एप्रिलमध्ये लागला होता आणि त्यातून तिला कूलरची नवी मोटर आणि शिलाई मशीनची दुरुस्ती करायची होती. बाबांना न सांगता तिने दिले. "पोरगी घरी बसून बसून कोमेजून राहिली, भरून टाक," म्हणाली. पुढचे सहा महिने मला झोप लागत नव्हती ती ८,८५० या आकड्यामुळे नाही, या ६,५०० मुळे.

१५ एप्रिलला ट्रेनिंग सुरू झालं. आदल्या रात्री दीक्षाभूमी आणि संविधान चौकातल्या गर्दीतून आलेली, उमरेड, काटोल, रामटेक, भंडाऱ्याकडची मुलं बॅचमध्ये होती. आम्ही एकूण २२ जण. काही जण बर्डीजवळ कॉट बेसिसवर राहत होते, म्हणजे त्यांचा खर्च माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. पहिल्याच दिवशी किटचे १,२०० मागितले: एक टी-शर्ट, ओळखपत्र, एक बॅग आणि कॅटलॉग. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. तोवर ७,६५० गेले होते, म्हणून १,२०० साठी मागे फिरणं जमलं नाही. ते मी रोख दिले आणि तेव्हा पहिल्यांदा पावती मिळाली.

ती पावती मी पुढे इतक्या वेळा पाहिली की डोळे मिटले तरी दिसते. गुलाबी कागद, कार्बन लावून लिहिलेली, त्यामुळे अक्षरं पुसट निळी. वर कंपनीचं नाव, पण दाराच्या पाटीवर त्यापुढे 'प्रायव्हेट लिमिटेड' होतं आणि पावतीवर ते नव्हतं. जीएसटी नंबर नाही. पत्त्यात दुसरा मजला आहे, गाळा क्रमांक नाही. "कशाबद्दल" या रकान्यात किट न लिहिता 'ट्रेनिंग अँड डॉक्युमेंटेशन' लिहिलेलं. आणि अगदी तळाशी, नखाएवढ्या इंग्रजी अक्षरांत, एकदा भरलेली रक्कम कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही. तोंडी "पहिल्या तीन पगारांत परत" आणि कागदावर "परत नाही". दोन्ही एकाच टेबलावर, एकाच माणसाकडून.

ट्रेनिंगमध्ये काहीच नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. दुसऱ्या दिवशी आलेल्या एका सरांनी ग्राहकाला आधी बोलू द्यायचं, त्याच्या घरात पाणी कुठून येतं, टाकी केव्हा धुतात हे विचारायचं आणि मगच मशीन दाखवायचं, हे फार छान शिकवलं. ते मला आजही उपयोगी पडतं. पण ते दोन तासांचं काम होतं. बाकीचे दिवस टाळ्या, घोषणा, एकमेकांना मिठ्या मारणं आणि "पाच वर्षांनी तू कुठे असशील" हे वहीत लिहिणं. चौथ्या दिवशी ओळखीच्या शंभर लोकांची नावं आणि मोबाईल नंबर लिहून द्यायला सांगितले. मी ४० लिहिले. त्यातल्या काही नातेवाईकांना नंतर त्या ऑफिसातून फोन गेले आणि त्याची लाज मला वेगळी भोगावी लागली. कुणी अशी यादी मागितली तर देऊ नका. ते नंबर आपले नसतात, त्या माणसांचे असतात.

२१ तारखेपासून फील्ड. आरओ मशीन विकायचं. सकाळी आठला मानेवाडा, बेसा, मनीष नगरच्या फ्लॅट स्कीममध्ये सोडायचे आणि दुपारी दोनला घ्यायला यायचे. नागपूरचा एप्रिल, पारा चाळिशीच्या वर. पिण्याचं पाणी आपलं, पेट्रोल आपलं, आणि हे अजून "ट्रेनिंग"च, म्हणजे पैसे नाहीत. माझ्या जोडीला उमरेडकडचा एक मुलगा होता. तिसऱ्या दिवशी एका जिन्यात त्याला चक्कर आली. तिथल्या एका काकूंनी आम्हाला घरात घेतलं, कांदा फोडून त्याच्या हातात दिला, पन्हं दिलं. आम्ही त्यांना मशीन विकायला गेलो होतो.

२६ एप्रिल, शनिवार, ऑफर लेटर हातात आलं. १८,००० पगार महिन्याला १२ मशीन विकल्या तर. नाही विकल्या तर पगार शून्य आणि एका मशीनमागे ४०० रुपये. फी तीन पगारांत परत करण्याचा उल्लेखच नव्हता. शेवटी सरांनी तोंडी सांगितलं की ज्यांना टार्गेट जड वाटतं त्यांनी ट्रेनिंगसाठी दोन मित्र आणावेत, एका मित्रामागे १,००० मिळतील.

तेव्हा मला कळलं की त्या ऑफिसात विकला जाणारा माल मशीन नव्हती, आम्ही होतो. एका बॅचमध्ये २२ जण, प्रत्येकाचे आठ-नऊ हजार. मी हिशेब शिकलेली मुलगी, हा गुणाकार मी पहिल्या दिवशी करायला हवा होता.

मी सही केली नाही. सोमवारी, २८ तारखेला, जाऊन फी परत मागितली. "दहा तारखेनंतर अकाउंट्स होतात." दहानंतर गेले तर सर मुंबईला. मग सर आजारी. मग एचआर मॅडमच बदलल्या. या काळात मी घरी काय सांगत होते ते लिहायलाही जड जातं. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, बर्डीत मेट्रो स्टेशनच्या थंडाव्यात बसायचे, कधी कस्तुरचंद पार्कला सावलीत, आणि संध्याकाळी परत. आईला वाटायचं नोकरी सुरू आहे. २० मे ला बाबांनीच विचारलं, "पगार किती तारखेले होते तुमच्या इथं?" मला रडू आलं आणि सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. कपाटातून हिशेबाची एक जुनी वही काढली, कोरं पान उघडलं आणि म्हणाले, "तारीख, रक्कम, कोणाले, कशातून. लिही."

तुमच्यावर ही वेळ आली असेल तर हे पान पहिल्या दिवशी लिहा. मला बँकेच्या स्टेटमेंटवरून आणि व्हॉट्सॲपवरून तारखा जुळवायला दोन दिवस लागले. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला १२ आकडी यूटीआर नंबर असतो, तो पासबुकात आणि ॲपमध्ये दोन्हीकडे सापडतो, तो लिहून ठेवा. रोख दिलेल्या १५० रुपयांचा माझ्याकडे काहीच पुरावा नव्हता आणि ते शेवटपर्यंत कुणी धरले नाहीत. व्हॉट्सॲपच्या चॅटचे स्क्रीनशॉट घेताना समोरच्याचा नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. एचआर मॅडमनी "फी रिफंड होते, काळजी करू नका" असं ११ एप्रिलला लिहून पाठवलं होतं. पुढे तोच एक मेसेज सगळ्यात जास्त कामी आला.

२ जूनला साध्या कागदावर अर्ज लिहून ऑफिसात नेला. दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर सही-तारीख घ्यायची. रिसेप्शनवरच्या मुलीने सही द्यायला नकार दिला, तेव्हा मी तीच प्रत बर्डीच्या पोस्टातून रजिस्टर एडीने पाठवली. आठ दिवसांनी गुलाबी पोचपावती सहीसकट घरी आली. (२०२५ मध्येच पुढे रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, तेव्हा आता स्पीड पोस्टने पाठवून पोच मागावी लागेल.)

१० जूनला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. मराठीत बोलता येतं. फोन उचलणाऱ्या ताईंनी नीट ऐकून घेतलं आणि तक्रारीचा नंबर दिला. पण समोरच्या कंपनीने उत्तर दिलं नाही तर हेल्पलाइन सक्ती करू शकत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तीन आठवड्यांनी प्रतिसाद नसल्याचा आणि ग्राहक आयोगात जाता येईल असा मेसेज आला. तो मेसेजही मी प्रिंट करून फाइलला लावला.

१ जुलैला पोलीस ठाण्यात गेले. बाबा सोबत आले, दुकानातून अर्धी रजा टाकून. आत दोन तास बसलो. हवालदार काकांनी कागद चाळले आणि म्हणाले, "बेटा, पैसे तू राजीखुशीनं दिले, ट्रेनिंग त्यांनी दिलं. हे दिवाणी आहे." भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं ३१८ कलम आहे हे मी मोबाईलवर वाचून गेले होते, पण तोंडातून शब्द निघाला नाही. बाबांनी मात्र अर्ज घ्यायला लावला आणि प्रतीवर शिक्का मारून घेतला. बाहेर येऊन आम्ही टपरीवर तर्री पोहे खाल्ले. बाबा इतकंच म्हणाले, "शिक्का झाला ना. एक कागद वाढला."

माझं प्रकरण ऑफिस असलेलं, दार असलेलं होतं. पण जर नोकरीचं सगळं फोनवरच झालं असेल, कुणाला कधी पाहिलंच नसेल आणि पैसे नुकतेच गेले असतील, तर मी जशी महिनाभर थांबले तसं थांबू नका. त्याच क्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी तक्रार पोचली तर रक्कम गोठवता येते. तिथे तासांचा हिशेब असतो.

कुणीतरी वकील करावा तर आठ हजारांसाठी वकिलाची फी कोण देणार, हा प्रश्न होता. मावशीच्या ओळखीच्या एका ताईंनी सांगितलं की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना फुकट आहे. मला वाटलं ते फक्त नवरा-बायकोच्या भांडणांसाठी असतं. तसं नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमानुसार महिलांना मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन नंबर.

१४ जुलै, सोमवार. सिव्हिल लाइन्समधलं न्याय मंदिर, म्हणजे आपलं जिल्हा न्यायालय. आयुष्यात पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढत होते. गेटवर बॅग तपासली, काळे कोट, झाडाखाली टायपिंगवाले, स्टॅम्पवाले, हातात फाइल घेऊन ताटकळलेली माणसं. मला सारखं वाटत होतं की मला पाहून सगळ्यांना कळतंय, ही फसली आहे. पहिल्या काउंटरवर मी चुकीच्याच रांगेत चाळीस मिनिटं उभी होते. मग एका चपराशी काकांनी हात धरल्यासारखं नेऊन सोडलं. टेबलापाशी एक स्वयंसेविका ताई होत्या. त्यांनी फाइल घेण्याआधी म्हटलं, "आधी बसा, पाणी प्या." मी पाणी प्यायले आणि आवाज परत आला.

त्यांनी पहिला प्रश्न बाबांचाच विचारला. पैसे कोणाच्या नावावर गेले? नोटीस कोणाच्या नावाने काढायची? आणि मला सांगता येईना. पाटीवर एक नाव, पावतीवर दुसरं, ऑफर लेटरवर तिसरंच, आणि पैसे एका माणसाच्या बचत खात्यात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर कंपनीचं नाव टाकून फुकट शोधता येतं, ते आम्ही तिथेच मोबाईलवर केलं. पाटीवरचं 'प्रायव्हेट लिमिटेड' तिथे नव्हतंच. नोटीस हवेत पाठवता येत नाही, माणूस लागतो.

तो माणूस एका सेल्फीत सापडला. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी आम्ही सहा मुलींनी नवे टी-शर्ट घालून रिसेप्शनमध्ये फोटो काढला होता. घरी रात्री तो फोटो मोठा करून पाहत होते. आमच्या डोक्यांच्या मागे, गणपतीच्या फोटोशेजारी, फ्रेममध्ये गुमास्ता, म्हणजे दुकान-ऑफिसच्या नोंदणीचा दाखला, लावलेला. बोटांनी ताणून ताणून पाहिलं. व्यवसायाचं नाव, नोंदणीचा नंबर आणि खाली मालकाचं नाव, तेच जे क्यूआर कोड स्कॅन केल्यावर आलं होतं. रात्रीचे साडेअकरा झाले होते. मी आईला उठवून दाखवलं. तिला गुमास्ता वगैरे काही कळलं नाही, पण फोटोतलं माझं हसू पाहून ती म्हणाली, "किती खूश होती तू त्या दिवशी."

कुठल्याही ऑफिसात पैसे भरण्याआधी भिंतीवरच्या गुमास्त्याचा फोटो काढून ठेवा. पावतीवर जीएसटी नंबर असेल तर तो १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की लॉगिन न करता मालकाचं कायदेशीर नाव दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे.

१५ जुलैला अर्ज दिला. दाखलपूर्व प्रकरण, म्हणजे खटला भरण्याआधीच समेटासाठी ठेवलेलं. कोर्ट फी नाही. अर्जाला आधारची झेरॉक्स, बँक स्टेटमेंट, पावती, चॅटचे प्रिंट, रजिस्टर एडीची पोच, पोलिसांचा शिक्का असलेली प्रत आणि तो सेल्फी. नेमून दिलेल्या वकील ताईंनी मला समजावलं की लोकअदालतीत कुणावर जबरदस्ती होत नाही. समोरचा आला आणि दोघांना पटलं तरच निवाडा. पण एकदा निवाडा झाला की तो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. नाहीच आला तर ग्राहक आयोगाचं दार आहे. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, आणि अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येतो. "परत मिळणार नाही" असं छापलं म्हणजे ते दगडावरची रेघ होत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक कराराची व्याख्याच आहे.

३० जुलैची तारीख. मी आणि बाबा साडेदहापासून बसलो. समोरचं कुणी आलं नाही.

२० ऑगस्टला एक तरुण आला, मालकाचा माणूस. तो माझ्याशी खूप गोड बोलला. "ताई, एवढ्याशा गोष्टीसाठी कोर्टात? ऑफिसला आल्या असत्या." मी त्याला २८ एप्रिलपासून ऑफिसला गेल्याच्या नऊ तारखा वाचून दाखवल्या. त्या वहीच्या पानावर होत्या. तो गप्प झाला. त्याने २,००० देऊ केले. मी नाही म्हटलं. नाही म्हणताना माझे पाय टेबलाखाली थरथरत होते, पण आवाज थरथरला नाही. दोन-तीन दिवसांनी मारबत निघाली, म्हणजे इडापिडा गावाबाहेर घालवायची पुतळ्यांची मिरवणूक. महालात आमच्या गल्लीच्या तोंडाशी सगळे ओरडत होते, "घेऊन जा गे मारबत!" मी त्या वर्षी मनापासून ओरडले.

याच दिवसांत माझी एक मैत्रीण मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत एका सरकारी कार्यालयात लागली. तिथे पदवीधराला महिन्याला १०,००० विद्यावेतन मिळतं, आयटीआय-डिप्लोमावाल्यांना ८,०००, बारावीवाल्यांना ६,०००. प्रशिक्षण घेणाऱ्यालाच पैसे. आणि माझी मावशी विम्याची एजंट आहे. तिने परीक्षा दिली होती, फीही भरली होती, पण ती परवान्याच्या परीक्षेची, पास झाल्यावर परवाना तिच्या नावाचा. म्हणजे विक्रीच्या कामात पैसे कधीच लागत नाहीत असं नाही. पण ते परीक्षेचे असतात, नोकरी देणाऱ्याच्या बचत खात्यात जात नाहीत. हा फरक मला कुणी मार्चमध्ये सांगितला असता तर किती बरं झालं असतं.

१३ सप्टेंबर, शनिवार, राष्ट्रीय लोकअदालत. न्याय मंदिरात जत्रेसारखी गर्दी: वाहनांची चलानं, वीजबिलं, बँकांची थकलेली कर्जं. आमचा नंबर दुपारी पावणेतीनला लागला. टेबलामागे न्यायाधीश साहेब, एक वकील आणि एक समाजसेविका. या वेळी मालक स्वतः आले होते. मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. साधे, थकलेले, पन्नाशीचे गृहस्थ. त्यांनी सांगितलं की जागेचं भाडं, ट्रेनरचा पगार, सगळा खर्च झालाय. साहेबांनी तो रिफंडचा मेसेज मोठ्याने वाचला आणि विचारलं, हा नंबर तुमच्याच ऑफिसचा ना? ते हो म्हणाले. त्यानंतर पंधरा मिनिटांत संपलं. किट मी वापरलं म्हणून १,२०० धरायचे नाहीत, सीटचे १,००० आणि फॉर्मचे १५० सोडायचे, ट्रेनिंगचे ६,५०० पूर्ण परत: ३,५०० तिथल्या तिथे, ३,००० महिन्याभरात. सीटचे १,००० सोडताना मला जड गेलं. वकील ताईंनी कानात सांगितलं, भांडायचं असेल तर भांडता येईल, निर्णय तुझा. मी आईची भिशी डोळ्यांसमोर आणली आणि सही केली.

निवाड्याची प्रत त्याच दिवशी मागून घ्या. दुसरा हप्ता चुकला तर अंमलबजावणीसाठी तीच लागते. आमचा तीन दिवस चुकला. १३ ऑक्टोबरला यायचे ते १६ ला आले, मी १४ ला वकील ताईंकडून फोन करवल्यावर. या सगळ्या धावपळीत झेरॉक्स, प्रिंट, पोस्ट, ऑटो आणि मेट्रो मिळून माझे ६४० रुपये गेले. ८,८५० मधले २,३५० परत आले नाहीत.

आईला मी ६,५०० एकरकमी दिले, वसुबारसेच्या दिवशी. ऑगस्टपासून मी गांधीबागेत एका होलसेल दुकानात बिलिंग आणि काउंटरवर आहे, १२,००० वर. पहिले चार दिवस त्यांनी मला माल ओळखायला शिकवलं आणि त्या चार दिवसांचेही पैसे पगारात धरले.

बॅचमधल्या २२ पैकी सात जणांचे नंबर माझ्याकडे होते. दिवाळीनंतर सगळ्यांना फोन केले. तिघांनी उचललाच नाही, दोघे म्हणाले जाऊ दे ताई, गेले ते गेले. उमरेडचा तो मुलगा आणि भंडाऱ्याची एक ताई मात्र गेल्या सोमवारी आले होते. अर्ज आम्ही माझ्याच घरी बसून लिहिले, बाबांच्या वहीतल्या पानाचा नमुना समोर ठेवून. त्यांचं प्रकरण १३ डिसेंबरच्या लोकअदालतीत लागणार आहे.